हिराकस, नवसागर आणि हायड्रोजनचा हिशेब : लोखंडाच्या प्रवाही बॅटरीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम : फक्त लोखंडावर चालणाऱ्या प्रवाही बॅटरीचा एक सेल बांधायचा, २५ चौरस सेंटिमीटर क्षेत्राचा. प्रवाही म्हणजे टाक्यांतलं द्रावण पंपाने सेलमधून फिरत राहतं. तो रोज चार्ज-डिस्चार्ज करायचा आणि नुकसान नेमकं कुठे होतं ते मोजायचं.

डोळ्यांसमोर जागा आहे ती गावाबाहेरच्या वीज उपकेंद्राची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांच्या आसपास सौर प्रकल्प उभे राहताहेत. दुपारची वीज संध्याकाळी वापरायची तर चार ते आठ तासांचा साठा तिथेच हवा. बांधापलीकडे ऊस किंवा वाळलं गवत असतं, आणि आगीचा बंब तालुक्याच्या गावाहून यायचा असतो. म्हणून पहिली अट : साठवणारं द्रव्यच पेटणारं नको.

नुसतं लिथियम नाही म्हणून बॅटरी सुरक्षित ठरत नाही. सोडियम-सल्फर सुमारे ३०० अंशांवर चालते, आत दोन्ही द्रव्यं वितळलेली. २०११ साली जपानमध्ये त्सुकुबा इथल्या एका कारखान्यात अशा बॅटरीला आग लागली होती. झिंक-ब्रोमीन पेटत नाही, पण ब्रोमीनची वाफ विषारी. व्हॅनेडियमची बॅटरी भरवशाची. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलास-काझाकोस यांच्या गटाने ती उभी केली आणि चीनमध्ये दालियानला १०० मेगावॉट / ४०० मेगावॉट-तासांचा प्रकल्प २०२२ मध्ये ग्रिडला जोडला गेला. तिथे अडतं ते धातूच्या किमतीवर. लोखंड मात्र स्वस्त, बिनविषारी आणि कुठेही मिळणारं. ही रचना ह्रुस्का आणि सॅव्हिनेल यांनी १९८१ मध्ये मांडली.

चार्ज करताना ऋण बाजूला फेरस आयनापासून (दोन धन भारांचं विरघळलेलं लोह) लोखंडाचा थर बसतो (−०.४४ व्होल्ट), धन बाजूला फेरसचं फेरिक (तीन भारांचं) होतं (+०.७७ व्होल्ट). सेलचं व्होल्टेज १.२१. डिस्चार्जला हेच उलटं. दोन्ही टाक्यांत एकच द्रावण, त्यामुळे थोडं इकडचं तिकडे झिरपलं तरी द्रावण कायमचं बिघडत नाही, तेवढा चार्ज फक्त वाया जातो.

८ जानेवारी

पहिलं द्रावण स्वस्तातलं : हिराकस (फेरस सल्फेट) आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड). शेतीसाठी मिळणाऱ्या फेरस सल्फेटवर १९ टक्के लोह छापलेलं असतं, शुद्ध हिराकशीत २०.१ टक्के येतं. तेवढा फरक चालेल, पण पोत्यातला माल वरून तपकिरी पडलेला असतो, म्हणजे फेरिक. म्हणून विरघळवल्यावर त्यात दोन मुठी साधे लोखंडी खिळे टाकून रात्रभर ठेवले. फेरिकचं परत फेरस होतं आणि तांब्याचा अंश असला तर तो खिळ्यांवर लालसर होऊन बसतो. खिळे जस्ताचा मुलामा नसलेलेच घ्यावेत.

प्रमाण २५० मिलीला : हिराकस ६९.५ ग्रॅम (१ मोलर), नवसागर २६.७ ग्रॅम (२ मोलर). पीएच २.

९ जानेवारी

सकाळी टाकीच्या तळाला फिकट हिरवे, काचेसारखे चौकोनी खडे. पंपाची नळी पूर्ण बंद. रात्री शेडमध्ये १२ अंश होते.

कारण साधं आहे. फेरस, अमोनियम आणि सल्फेट एकत्र आले की मोहर सॉल्ट होतं, आणि ते हिराकशीपेक्षा बरंच कमी विरघळतं. आपल्या प्रमाणात द्रावण त्या मर्यादेच्या पुढे होतं. दुपारी दिसत नाही, गारठ्यात खडे पडतात. उपकेंद्राच्या टाकीत डिसेंबरच्या पहाटे हेच होईल. सल्फेट बाद, क्लोराइडवर जायचं.

१३ जानेवारी

पक्कं द्रावण, दोन्ही टाक्यांत प्रत्येकी २५० मिली : फेरस क्लोराइड (चार पाण्याचं) ४९.७ ग्रॅम, नवसागर २६.७ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी. पाणी आधी उकळून गार केलेलं, म्हणजे विरलेला ऑक्सिजन निघून जातो. ऋण टाकीत पीएच २.०, धन टाकीत १.०, हायड्रोक्लोरिक आम्लाने. रंग फिकट हिरवा असावा. पोपटी-पिवळसर दिसला तर हवा लागली आहे असं समजावं.

हवा बाहेर ठेवण्यासाठी वेल्डिंगवाल्याकडचा आर्गॉन पुरतो. दोन्ही टाक्यांच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं सोडायचा, मग झाकण बंद. हवेतला ऑक्सिजन दुहेरी नुकसान करतो : फेरसचं फेरिक करतो आणि ते करताना आम्लही खातो. सिलिकॉनच्या नळ्या वापरू नयेत, त्यांच्यातून ऑक्सिजन सहज आत येतो. जाड पीव्हीसीच्या लावल्या.

१५ जानेवारी

सेलची जुळणी. बाहेरून आत अशी :

दोन्ही टोकांना १५ मिमी पॉलिप्रॉपिलीनच्या जाड पाट्या. त्यांच्या आत ०.५ मिमी तांब्याचा पत्रा, वीज काढून घेण्यासाठी. त्यावर ३ मिमी ग्रॅफाइटची पाटी. धन बाजूला कार्बन फेल्ट (कार्बनच्या तंतूंचा नमदा) ६ मिमी, दाबून ४.५ वर. ऋण बाजूला फेल्ट नाही, ३ मिमी पोकळी आणि तीत पॉलिप्रॉपिलीनची जाळी, म्हणजे सेपरेटर पाटीला चिकटत नाही आणि लोखंडाला बसायला जागा राहते. मधे सेपरेटर, म्हणजे दोन्ही बाजूंची द्रावणं वेगळी ठेवणारा पडदा : लेड-ॲसिड बॅटरीत असतो तोच सूक्ष्मछिद्री पॉलिइथिलीनचा, बिनरेघांचा. ईपीडीएम रबराचे गॅस्केट. एम६ चे आठ बोल्ट, समोरासमोरच्या जोड्यांनी, एकेक न्यूटन-मीटर वाढवत ४ पर्यंत. एका बाजूने आवळत गेलं की ग्रॅफाइट तडकतं.

फेल्ट जसा येतो तसा पाणी झटकतो. ४०० अंशांवर भट्टीत, हवेत, बारा तास ठेवला. आधी त्यावर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहत होता, नंतर टेकवताच आत ओढला गेला. ही चाचणी प्रत्येक तुकड्याची करावी.

ग्रॅफाइटची पाटी मात्र फसवते. दिसायला काचेसारखी गुळगुळीत, पण सच्छिद्र असते. नुसत्या पाण्यावर सेल चालवून पाहिला तर चार तासांत पाटीच्या मागे बारीक घामासारखे थेंब. तिथे तांब्याचा पत्रा असतो, आणि फेरिक क्लोराइड म्हणजे सर्किट बोर्डावरचं तांबं खोदून काढणारं द्रावण. तांबं विरघळून ऋण बाजूला गेलं की लोखंडाच्या थरावर बसतं, दोन धातूंची जोडी तयार होते आणि लोखंड आपोआप झिजत राहतं. उपाय : पाटी वितळलेल्या पॅराफिन मेणात १०० अंशांवर बुडवून ठेवली. सुरुवातीला कडांवरून बुडबुड्यांची रांग लागते. तासाभराने बुडबुडे थांबतात, तेव्हा छिद्रं भरली. गार झाल्यावर दोन्ही तोंडं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, वरचं मेण गेलं की पुन्हा वीज वाहते.

१७ जानेवारी

पाण्यावर २४ तास, ४० मिली प्रति मिनिट. मागची बाजू कोरडी. द्रावण भरलं. १ किलोहर्ट्झवर रोध ०.१६ ओहम, म्हणजे क्षेत्राला धरून ४ ओहम-चौ. सेंमी. आता फेऱ्या सुरू करता येतील.

२० जानेवारी

गेल्या गुरुवारी, १६ तारखेला, कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग इथे लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या मोठ्या संचयन केंद्राला आग लागली. भोवतालच्या लोकांना घरं सोडावी लागली. लिथियम-आयनमध्ये एक सेल ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःच तापत जातो, आतलं सेंद्रिय द्रावण ज्वलनशील असतं, आणि शेजारचा सेल त्या उष्णतेने पेट घेतो. २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या सरप्राइज गावी तर ज्वाळा दिसत नसताना कोंडलेल्या वायूंचा स्फोट होऊन अग्निशमन जवान जखमी झाले. ती घटना आपल्याला जास्त जवळची आहे, कारण वायू आपल्याही सेलमधून निघतो.

पहिली पूर्ण फेरी आज. ०.५ अँपिअर (२० मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी), दोन तास चार्ज, ०.३ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज. चार्जचं सरासरी व्होल्टेज १.४४, डिस्चार्जचं ०.९८. घातले १.० अँपिअर-तास, परत आले ०.८२. ऊर्जेची कार्यक्षमता ५६ टक्के. पहिल्या फेरीला ठीक, वापरायला कमी.

एक अँपिअर-तासाला १.०४ ग्रॅम लोखंड बसतं. २५ चौ. सेंमीवर तो थर सुमारे ०.०५ मिमी होतो. सेल उघडून पाहिला : राखाडी, मॅट, बोट फिरवलं तर काळं लागत नाही. चांगला थर असाच असतो. काळा, भुगा पडणारा थर म्हणजे बसताना शेजारी हायड्रोजन उसळत होता.

२७ जानेवारी

१८ टक्के गेले कुठे? आजपासून वायू मोजतो. ऋण टाकीच्या झाकणातून नळी काढून पाण्यात पालथ्या धरलेल्या मोजपात्रात सोडली.

इथे एक दुरुस्ती विसरू नये. पुस्तकी हिशेबाने ३० अंशांना एक अँपिअर-तासाचा हायड्रोजन ४६४ मिली होतो. पण पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, हवेचा दाब सुमारे ९४५ हेक्टोपास्कल, आणि पात्रातल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली. दोन्ही धरल्यावर पात्रात ५२० मिली म्हणजे एक अँपिअर-तास.

आजच्या फेरीत ४२ मिली आला. म्हणजे ०.०८ अँपिअर-तास. अठरातले आठ टक्के हायड्रोजनचे. उरलेले दहा बहुतेक फेरिकचे : ते सेपरेटरमधून ऋण बाजूला येऊन बसलेलं लोखंड विरघळवतं.

आता आम्लाकडे पाहा. ०.०८ अँपिअर-तास हायड्रोजन म्हणजे ३ मिलिमोल आम्ल खर्च. आणि पीएच २ च्या २५० मिली द्रावणात मोकळं आम्ल आहेच किती? २.५ मिलिमोल. एका फेरीत टाकीतलं सगळं आम्ल संपतं! धन बाजूकडून थोडं झिरपून येतं म्हणून पीएच ३.३ वर थांबला. पीएच २ लिहिलं की भरपूर आम्ल आहे असं वाटतं, ते खरं नाही. ह्या बॅटरीचं आयुष्य ह्या तीन मिलिमोलवर अवलंबून आहे.

५ फेब्रुवारी

चौदाव्या फेरीनंतर रोध ०.१६ वरून ०.२३ ओहम. ऋण टाकीचा पीएच ४.१. सेल उघडला. सेपरेटरचं ऋण बाजूचं तोंड विटकरी रंगाचं, नखाने खरवडलं तर ओल्या गेरूसारखा चिखल. फेरिक फक्त आंबट पाण्यात विरघळलेलं राहतं. पलीकडून झिरपताना छिद्रांतच त्याला चढलेला पीएच भेटला आणि तिथेच फेरिक हायड्रॉक्साइड होऊन बसलं.

सेपरेटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर. सकाळी पांढरा, रोध ०.१६. चिखल ताजा असेल तर असा निघतो. वाळू देऊ नये, वाळलेला सहजासहजी सुटत नाही.

११ फेब्रुवारी

दोन दिवसांत हायड्रोजन ४२ वरून ९५ मिलीवर. पीएच, तापमान, करंट काहीच बदललेलं नाही. थर काळा.

पंप उघडले. मत्स्यालयात वापरतात तसले चुंबकाने फिरणारे छोटे पंप आहेत, द्रावणाला धातू लागत नाही अशा समजुतीने घेतलेले. आतल्या चक्राचा दांडा मात्र स्टेनलेसचा निघाला. धन बाजूच्या पंपातला दांडा टोकांना ३.० मिमी आणि मधे २.२, सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेले. स्टेनलेस गंजत नाही हा भरवसा फेरिक क्लोराइडपुढे चालत नाही. खड्डे पडण्याची प्रमाणित चाचणीच ह्या द्रावणात घेतात. त्यातून सुटलेलं निकेल ऋण बाजूला बसलं, आणि निकेलवर हायड्रोजन लोखंडापेक्षा सोपेपणाने निघतो.

दोन्ही पंप सिरॅमिक दांड्याचे बसवले. द्रावण वाचवायला मुलामा देणाऱ्यांची पद्धत वापरली : डमी प्लेटिंग. लोखंडी पत्र्याचा तुकडा ऋण टोकाला लावून २ ते ५ मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी एवढ्या मंद करंटवर सहा तास. मंद करंटला निकेलसारखे धातू आधी बसतात. हायड्रोजन ५५ पर्यंत उतरला, खाली जाईना. १४ तारखेला ताजं द्रावण केलं, ४० मिली आला.

नियम लिहून पंपांच्या वर चिकटवला : ओल्या भागात कोणताही धातू नाही, स्प्रिंग नाही, क्लिप नाही. बाहेरच्या बोल्टनाही प्लॅस्टिकच्या नळीचं आवरण.

२५ फेब्रुवारी

चार्ज पूर्ण होताच वीज गेली, तीन तास. पंप बंद. वीज आल्यावर डिस्चार्ज केला तर ०.७३ अँपिअर-तास मिळाले, म्हणजे नेहमीपेक्षा फक्त ०.०९ कमी.

ह्यात रसायनाचा चांगुलपणा दिसतो. पंप थांबला की लोखंडापर्यंत फक्त सेलच्या आतलं फेरिक पोचू शकतं. फेल्टमधलं द्रावण ११ मिली, त्यातलं फेरिक ०.०४५ अँपिअर-तासाएवढं. टाकीतलं बाकी सगळं टाकीतच. पंप चालू ठेवून चार्ज केलेला सेल नुसता उभा ठेवला असता तर याहून पुष्कळ गेलं असतं. बिघाड झाला की पंप बंद करणं हाच इथला आणीबाणीचा उपाय.

पण मोजपात्रात वीज गेल्यावरही १३ मिली वायू आला, बहुतेक पहिल्या तासात. लोखंड आम्लात आहे तोवर हायड्रोजन निघणार, मेन स्विच बंद असला तरी. म्हणून मोठ्या मांडणीत हायड्रोजन बाहेर काढणं फक्त विजेच्या पंख्यावर सोपवता येत नाही. छताच्या सगळ्यात उंच जागी कायम उघडं धुराडं हवं, आणि त्याच्याखाली आडव्या तुळयांचे कप्पे नकोत, हलका वायू तिथे अडकून राहतो.

५ मार्च

बारा फेऱ्यांनंतर द्रावणाचं टायट्रेशन, म्हणजे मोजून परमँगनेट घालत फेरस किती उरलं ते काढायचं. क्लोराइड असल्याने नुसतं परमँगनेट वापरलं तर ते क्लोराइडलाही खातं आणि आकडा फुगतो. झिमरमन-राइनहार्ट द्रावण (मँगनीज सल्फेट, फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल) आधी घालावं. १ मिली नमुन्याला ०.०२ मोलर परमँगनेट १०.० मिली लागलं तर सगळं फेरस. सेल पूर्ण डिस्चार्ज करून, दोन टोकं जोडून ठेवून मग नमुने घेतले.

धन : ८.८ मिली. ऋण : ९.८ मिली. म्हणजे धन टाकीत ३० आणि ऋण टाकीत ५, मिळून ३५ मिलिमोल फेरिक, ज्याला परत यायला लोखंड उरलेलंच नाही.

आणि बारा फेऱ्यांचा हायड्रोजन? १२ गुणिले ४० मिली, म्हणजे ०.९२ अँपिअर-तास, म्हणजे ३४ मिलिमोल. हिशेब जुळला! जो हायड्रोजन उडून जातो तेवढंच फेरिक मागे अनाथ राहतं. हवा आत येत नाही हेही त्यातच सिद्ध झालं, नाहीतर फेरिक वायूपेक्षा बरंच जास्त निघालं असतं.

तात्पुरती दुरुस्ती : ०.९८ ग्रॅम खिळे धन टाकीत, आणि संपलेल्या आम्लाच्या बदल्यात सुमारे ३ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, थेंबाथेंबाने, ढवळत. खिळे फेरिक परत फेरस करतात पण आम्ल देत नाहीत, म्हणून दोन्ही लागतं.

कायमची दुरुस्ती : हायड्रोजनच परत वापरायचा. फेरिक आणि हायड्रोजन प्लॅटिनमवर भेटले तर फेरस आणि आम्ल दोन्ही परत मिळतात. कार्बन कापडाचा २० चौ. सेंमी तुकडा, त्यावर एकूण १० मिलिग्रॅम प्लॅटिनम. धन टाकीत अर्धा बुडेल, अर्धा वर राहील असा टांगला आणि दोन्ही टाक्यांच्या मोकळ्या जागा नळीने जोडल्या. पूर्ण बुडवला तर वायू पोचत नाही, पूर्ण कोरडा ठेवला तर फेरिक पोचत नाही.

१० मार्च

कापड लावल्यापासून पात्रात फेरीमागे ६ मिली. ऋण पीएच २.६ च्या आसपास स्थिर. टायट्रेशनला ९.९ मिली.

दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. एक, यामुळे फेरीची कार्यक्षमता वाढत नाही. गेलेला करंट गेलाच, फक्त तूट साठत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची : प्लॅटिनमचा कण सुटून ऋण बाजूला गेला तर निकेलपेक्षा वाईट. धन टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळीला ५ मायक्रॉनचा पॉलिप्रॉपिलीन फिल्टर लावला. तो दर दहा फेऱ्यांनी पाहायचा.

१२ मार्च

शॉर्ट सर्किट चाचणी. १.० अँपिअर-तास भरलेला सेल १० मिलिओहमच्या शंटवरून (करंट मोजायचा अगदी लहान रोध) थेट जोडला, पंप मुद्दाम चालू ठेवून. सुरुवातीला ६.४ अँपिअर, मग उतरत गेला, पंधरा मिनिटांत संपला. द्रावण १.३ अंशांनी तापलं. एवढंच.

हे नशीब नाही. साठलेली ऊर्जा १.२ वॉट-तास, म्हणजे ४.३ किलोज्यूल. ती सगळी अर्धा लिटर पाण्यासारख्या द्रावणात उष्णता होऊन गेली तरी ते फार तर २ अंश चढेल. पूर्ण क्षमतेला, २.५ अँपिअर-तासांनाही, सव्वापाच अंश. पेटण्याच्या तापमानापर्यंत जायला लागणारी ऊर्जा ह्या टाक्यांत नाहीच. ह्या सुरक्षेसाठी कुठलं सेन्सर किंवा सॉफ्टवेअर जागं राहावं लागत नाही. ह्या कामाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

२० मार्च

ग्लायसिन, ०.५ मोलर, म्हणजे २५० मिलीला ९.४ ग्रॅम, दोन्ही बाजूंना. ते फेरिकला धरून ठेवतं, त्यामुळे पीएच चढला तरी चिखल पडत नाही. मग ऋण बाजू मुळातच पीएच ३ ला ठेवता येते आणि आम्ल कमी म्हणजे हायड्रोजन कमी. प्लॅटिनमचं कापड काढून मोजलं : ४० वरून २७ मिली. परत आलेला चार्ज ८६ टक्के. रोध ०.१८, थोडा वाढला. सौदा फायद्याचा. ठेवायचं.

२६ मार्च

शेडमध्ये ३८ अंश. हायड्रोजन ३८ मिलीवर गेला, पण व्होल्टेजची कार्यक्षमता ६८ वरून ७२ झाली आणि थर जास्त मऊ, कमी तडकणारा. उन्हाळा ह्या बॅटरीला मारत नाही, पण वायूचा भार वाढवतो. धुराड्याचा हिशेब मे महिन्याच्या तापमानावर करायचा.

३ एप्रिल

तीन सेल एकावर एक. तिन्हींना एकाच नळीतून द्रावण जातं, आणि द्रावण स्वतः वीज वाहतं, म्हणून सेलमधून न जाता नळीतूनच थोडा करंट फिरतो. ऋण बाजूच्या एका भोकापाशी लोखंडाची मिशीसारखी वाढ दिसली. प्रत्येक सेलला जाणारा मार्ग लांब आणि अरुंद केला : २ मिमी रुंद, १२० मिमी लांब, नागमोडी. वाढ थांबली. पंपाला जोर जास्त लागतो, ती किंमत द्यावीच लागते.

१० एप्रिल

मोठ्या मांडणीचा हिशेब, आजच्या आकड्यांवर.

जागा : अर्धा लिटर द्रावणातून २.५ अँपिअर-तास, ०.९५ व्होल्टने, म्हणजे लिटरला पावणेपाच वॉट-तास. १ मेगावॉट-तासाला सुमारे २१० घनमीटर. गावाच्या दोन लाख लिटरच्या पाण्याच्या टाकीएवढं. उपकेंद्राच्या आवारात बसेल, शहरातल्या तळघरात नाही. द्रावण २ मोलर केलं आणि वापर वाढवला तर हे निम्म्याखाली येईल. पुढचं काम तेच.

वायू : १.४५ व्होल्टने १ मेगावॉट-तास भरताना सगळ्या सेलमधून मिळून ६.९ लाख अँपिअर-तास जातात. त्यातला फक्त १ टक्का हायड्रोजन झाला तरी सुमारे ३.२ घनमीटर. वीस फुटी कंटेनरची आतली जागा ३३ घनमीटर, आणि हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांना पेट घेऊ शकतो, म्हणजे १.३ घनमीटर पुरतात. बंद कंटेनर एका चार्जमध्ये अडीचपट धोक्यापलीकडे. आपल्याकडे सध्या १ नाही, ५ ते ७ टक्के निघतो. म्हणून सेलचा ढीग कंटेनरमध्ये ठेवायचाच नाही : छप्पर, तीन बाजू मोकळ्या, वर धुराडं, आणि वायू आधी प्लॅटिनमवरून फिरवून उरलेला बाहेर.

गळती : टाक्यांभोवती सगळ्यात मोठी टाकी मावेल असा बांध, आत आम्ल न लागणारा लेप, कोपऱ्यात चुन्याची पोती. चुन्याने आम्ल मरतं आणि लोह गाळ होऊन बसतं, पण नवसागर पाण्यातच राहतो आणि चुना जास्त झाला की अमोनियाचा वास सुटतो. ते पाणी ओढ्यात सोडता येणार नाही.

सेल बंद करून ठेवण्याची पद्धत : ०.३ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज, मग १ ओहम रोधावरून टोकं जोडून रात्रभर, म्हणजे पाटीवर लोखंडाचा कण राहत नाही. पंप बंद, दोन्ही टाक्यांत आर्गॉन, झडपा बंद. सेपरेटर ओलाच ठेवायचा. वायूची नळी मोजपात्रातच राहू द्यायची. उद्या सकाळी पात्रात काही आलं असेल तर आत अजून लोखंड आहे.